शाळेची खिचडी बंद करण्याआधी गिरण बघा

पत्र : माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत, गावच्या जिल्हा परिषद शाळेत. सात महिन्यांपूर्वी रक्त तपासून आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तिला सिलिअ‍ॅक असल्याचं, म्हणजे गव्हामुळे आतड्याला इजा होणारा आजार असल्याचं, निदान झालं. तेव्हापासून पोळी, पाव, बिस्किटं सगळं बंद आहे. ज्वारीची भाकरी खाते, पीठ गावातल्या गिरणीतून दळून आणतो. पहिल्या चार महिन्यांत वजन अडीच किलोंनी वाढलं, टीटीजी, म्हणजे या आजाराचा रक्ततपासणीतला आकडा, दोनशेच्या वरून सत्तरवर आला. त्यानंतर वजनही तिथेच आणि टीटीजीही तिथेच. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोय. मला शाळेच्या खिचडीचा संशय येतो. बाई म्हणतात, भातच तर आहे. खिचडी बंद करून डबा द्यावा का? पण भाकरी डब्यात कडक होते, ती तशीच परत आणते. सासूबाई म्हणतात, एवढ्याशाने काय होतं. धाकटा मुलगा पाच वर्षांचा आहे. सगळ्या घरानेच गहू सोडला तर सोपं होईल का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, खिचडी लगेच बंद करू नका. तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलं आहे, ‘पीठ गावातल्या गिरणीतून दळून आणतो’. आमची नजर तिथेच अडली. शाळेचं बघूच, पण आधी थोडं गणित करू. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

एका पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते आणि तेवढ्या कणकेत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन, म्हणजे या आजारात आतड्याला बाधणारं गव्हातलं प्रथिन, असतं. सिलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांना दिवसभरात १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन चुकून गेलं तर निभतं. रोज ५० मिलिग्रॅम असं तीन महिने जात राहिलं तर आतड्याच्या अस्तराला इजा होते, हे तपासून पाहिलेलं आहे. म्हणजे एका पोळीचे अडीचशे तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा ही तुमच्या मुलीची दिवसाची मर्यादा. कोरडी कणीक मोजली तर ती चिमटीत येते त्याहूनही कमी. ‘एवढ्याशाने’ होतं ते असं. ‘थोडं थोडं देत राहिलं की सवय होईल’ असंही कुणी सांगेल. सवय होत नाही. पोट दुखलं नाही, जुलाब झाले नाहीत, तरी आत नुकसान चालू राहू शकतं. तुमच्या मुलीचं सध्या तेच होत असावं.

आता गिरण. सार्वजनिक गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. जात्याच्या दगडांच्या खाचांत, पीठ पडतं त्या तोंडाशी, खाली बांधलेल्या कापडी नळीत कणीक साठलेली असते. समजा तुम्ही चार किलो ज्वारी टाकलीत आणि तिच्यात आधीची फक्त शंभर ग्रॅम कणीक मिसळली. त्या शंभर ग्रॅममधलं ग्लुटेन आठ-नऊ ग्रॅम. ते चार किलोंत पसरलं की पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत शंभर मिलिग्रॅमच्या पुढे जातं. दोन भाकऱ्या म्हणजे दोनशे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. या पिठात ते किलोमागे दोन हजारांवर जातं. पोळी बंद झाल्यावर टीटीजी झपाट्याने उतरला आणि मग अडला, याचा मेळ या हिशोबाशी बसतो.

काही गावांत ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असते. तुमच्याकडे तशी असली तरी त्यावर विसंबू नका, कारण पीठ उडून सगळीकडे बसतं आणि भरताना सुपडं एकच वापरलं जातं. ‘आधी दोन किलो तांदूळ फिरवून मग आमचं दळा’ हा उपायही अर्धवटच आहे. खात्रीचे मार्ग तीन. एक, घरघंटी, पण तिच्यात गहू कधीही पडता कामा नये. वापरलेली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. दोन, ‘ग्लुटेन फ्री’ छापलेलं पाकिटबंद पीठ, निदान पुढची तपासणी होईपर्यंत. तीन, माळ्यावर जुनं दगडी जातं पडून असेल तर ते. दगड काथ्याच्या ब्रशने घासून धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, दोनदा ओंजळभर तांदूळ दळून ते पीठ टाकून द्या आणि मगच वापरायला घ्या. मुलीच्या दोन भाकऱ्यांपुरतं पीठ त्यावर सहज निघतं.

दळण्याआधी ज्वारी ताटात पातळ पसरून दोनदा निवडा. बाजारातल्या ज्वारीत, मसुरात, हरभऱ्यात गव्हाचे तुरळक दाणे निघतात. मग धुऊन वाळवा. गहू वाळत घालायची चादर त्यासाठी घेऊ नका.

स्वयंपाकघरातल्या इतर जागाही लगेच सांगतो. पीठ चाळायची चाळणी वेगळी घ्या, जाळीतलं पीठ धुऊन पूर्ण जात नाही. लाकडी काठवट आणि पोळपाट-लाटणंही वेगळं. स्टीलची परात आणि लोखंडी तवा साबणाने घासून घेतला तर तोच चालेल. ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे, प्रथिन आहे. ते उकळून किंवा भाजून मरत नाही, घासून धुऊनच निघतं. त्यामुळे पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापडही तळू नका. सकाळी आधी तिची भाकरी थापा, मग कणीक मळायला घ्या. आणि एक जागा जवळजवळ प्रत्येक घरात नजरेतून सुटते : पोळ्यांच्या डब्यातलं फडकं. तिची भाकरी त्यात गुंडाळली जात असेल तर पोळीवरचं कोरडं पीठ थेट भाकरीला लागतं. तूप आणि लोणचं यांच्या बरणीत पोळी खाणाऱ्याचा हात जातो, तेव्हा तिच्या वाटणीचं आधीच वेगळ्या छोट्या बरणीत काढून ठेवा.

तुमच्या भागात कुणी ना कुणी ‘खपली चालते’ असं सांगणारच. खपली गहूच आहे, चालत नाही. सातू, दलिया, रवा, शेवया, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी या सगळ्यांत ग्लुटेन आहे. थालिपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात परंपरेने थोडे गहू घालतात, म्हणून दोन्ही घरीच गव्हाशिवाय करा.

आता शाळा. बाई म्हणतात ते बरंचसं खरं आहे. महाराष्ट्रातला शालेय पोषण आहार मुख्यतः तांदळावर चालतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, असं त्याचं माप. खिचडी, पुलाव, मसालेभात, उसळ, वरण-भात यांत मुळात गहू नाही. पोळ्या रोज लाटल्या जात नाहीत, त्यामुळे शाळेची किचन शेड या बाबतीत बहुतेक घरांपेक्षा स्वच्छ असते. वर्गातल्या सगळ्यांबरोबर पंगतीत बसून तेच अन्न खाता येणं, हे या आजारात क्वचित मिळणारं सुख आहे. ते हातचं घालवू नका.

हिंगाचा प्रश्न तुमच्या कानावर आला असेलच. पाकिटातला बांधणीचा हिंग बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक घालून केलेला असतो. त्याचंही गणित करू. साठ मुलांच्या पातेल्यात पाच ग्रॅम हिंग पडला आणि त्यात अर्धा मैदा असला, तर प्रत्येकाच्या ताटात तीन-चार मिलिग्रॅम ग्लुटेन येतं. टीटीजी सत्तरवर अडकवून ठेवायला ते एकटं पुरेसं नाही. तरी १० मिलिग्रॅमच्या मर्यादेतला तिसरा हिस्सा त्यातच जातो आणि तो टाळणं सोपं आहे. खडा हिंग, किंवा तांदळाचं पीठ घालून केलेला हिंग आणा. एक डबी घरात, एक शाळेच्या स्वयंपाकी ताईंकडे. शाळेत हिंग घालतच नसतील तर विषय तिथेच संपला.

शाळेत जाताना फक्त तोंडी सांगू नका, कागद न्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडून मुख्याध्यापकांना एक पानी अर्ज द्या. मजकूर साधारण असा :

“माझी मुलगी इयत्ता तिसरीत आहे. तिला सिलिअ‍ॅक आजार आहे. गहू, मैदा, रवा, जव किंवा यांपैकी काहीही मिसळलेला पदार्थ तिला थोडाही चालत नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, सर्व डाळी, कडधान्ये, भाज्या, फळे, अंडी, दूध, शेंगदाणे, गूळ, साखर चालते. हा आजार संसर्गजन्य नाही. चुकून काही खाल्ल्यास ओरडू नये, मला त्याच दिवशी कळवावे. बाहेरून आलेला खाऊ मला विचारल्याशिवाय देऊ नये.”

याची एक प्रत किचन शेडमध्ये चुलीजवळच्या भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये घालून लावा आणि एक वर्गाच्या हजेरीपटाला टाचा, म्हणजे बाई रजेवर असल्या तर बदलीवर आलेल्या शिक्षकांनाही दिसेल. जूनमध्ये वर्ग बदलला की हे सगळं पुन्हा करावं लागतं. मागच्या वर्षी सांगितलंय या भरवशावर राहिलं की नेमका तिथेच घोळ होतो.

कागदापेक्षाही महत्त्वाच्या आहेत त्या स्वयंपाकी ताई. त्यांना शाळा सुटल्यावर निवांत भेटा आणि सगळी पाकिटं एकदा खाली मांडून बघा : मसाला, हळद, तिखट, सोयाबीन वडी, नाचणी सत्त्व. पाकिटावर घटकांच्या यादीखाली ‘कंटेन्स व्हीट’ किंवा ‘कंटेन्स ग्लुटेन’ अशी ओळ आहे का ते पाहा, कारण गहू घातलेला असेल तर ती छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘मे कंटेन व्हीट’ असेल तर तो माल गव्हाच्या कारखान्यात भरलेला आहे, तोही नको. नाचणी सत्त्व म्हणून येणाऱ्या पाकिटात कधी कधी गहू किंवा माल्ट मिसळलेलं असतं, ते नीट वाचा. सुटा मसाला असेल तर मुलीच्या वाटणीपुरता अंदाज बांधत बसू नका, शाळेने पाकिटबंद घ्यावा असं सुचवा. पुरवठा बदलला की पाकीटही बदलतं, म्हणून नवी खेप आली की ताईंनी रिकामं पाकीट तुमच्यासाठी बाजूला ठेवावं, एवढं ठरवून घ्या. वाचायचं काम तुमचं. त्यांच्यावर ते टाकलं तर चार दिवसांत विसरलं जाईल, आणि दोष त्यांचा नसेल.

तांदळात मधूनच जरा वेगळे दिसणारे, काही वेळा पाण्यावर तरंगणारे दाणे असतात. ‘प्लॅस्टिकचे तांदूळ’ म्हणून बऱ्याच ठिकाणी ते निवडून टाकतात. ते पोषणयुक्त तांदळाचे दाणे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून करतात आणि शंभराला एक या प्रमाणात घालतात. त्यात गहू नाही. सिलिअ‍ॅकमध्ये नेमकी याच तिन्हींची कमतरता होते, तेव्हा तुमच्या मुलीच्या ताटातून तर ते मुळीच काढू नका.

ताटली-चमचा तिचा स्वतःचा द्या, भांड्यांच्या दुकानात नाव कोरून घ्या. शाळेची भांडी धुतलेली असली तरी डबा आणणारी मुलं कधी त्यातच पोळी कुस्करतात. जेवणाआधी साबणाने हात धुवायला शिकवा. सॅनिटायझरने ग्लुटेन जात नाही.

शाळेतला खरा धोका खिचडीच्या पातेल्याबाहेर आहे. कुणाच्या वाढदिवसाची बिस्किटं, क्रीमवाली वेफर, २६ जानेवारीची जिलेबी, सरस्वतीपूजनाचा शिऱ्याचा प्रसाद. गावात कुणी तिथीभोजन देतं तेव्हा पुरी-भाजी असते, आणि ज्या डावाने खीर वाढली त्यानेच पुढे शेवयांचीही वाढली जाते. त्या दिवशी तिचं ताट सगळ्यांच्या आधी, न वापरलेल्या डावाने वाढावं. पदार्थच गव्हाचे असतील तर डबा. तारीख आदल्या दिवशी कळायला हवी, एवढंच मुख्याध्यापकांकडे मागा.

वर्गशिक्षिकांच्या कपाटात एक घट्ट झाकणाचा डबा ठेवा : राजगिरा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, पाच-सहा नग. खाऊ वाटला जाईल तेव्हा तिला यातलं मिळेल. महिन्यातून एकदा बदला, नाहीतर चिक्कीला खवट वास येतो. उकडीचा मोदक चालतो, तळणीचा चालत नाही. पेढा बहुधा चालतो, पण त्याच पेटीत बालुशाही असली की नको. प्रसादाला नाही म्हणणं मुलांना आणि मोठ्यांनाही जड जातं. ‘कपाळाला लावून बाईंकडे दे’ असं तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या क्षणी तिची ओढाताण होत नाही.

भाकरीचं म्हणाल तर दोष पिठाचा किंवा पद्धतीचा, मुलीचा नाही. गव्हात ग्लुटेन धरून ठेवतं म्हणून पोळी मऊ राहते. ज्वारीत ते काम शिजलेला स्टार्च करतो आणि तो गार झाला की घट्ट होतो. डब्यासाठी साधी थापलेली भाकरी न करता उकड काढा. एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल घालून खळखळ उकळा, गॅस बारीक करून एक वाटी पीठ एकदम टाका, उलथन्याच्या दांड्याने ढवळून झाकण ठेवा, दोन मिनिटांनी गॅस बंद. दहा मिनिटं तशीच मुरू द्या, मग कोमट असतानाच हाताला पाणी लावून चार-पाच मिनिटं मळा. पाव वाटी ज्वारीऐवजी तांदळाचं पीठ घेतलं तर आणखी मऊ होते. लहान, पातळ भाकऱ्या लाटा. कडा चिरत असतील तर उकड नीट वाफलेली नाही किंवा पिठाची विरी गेली आहे. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपेक्षा जुनं वापरू नका. भाजल्यावर वाफ जाऊ द्या, तूप लावा, स्वच्छ रुमालात गुंडाळून डब्यात ठेवा. गरम भाकरी थेट डब्यात बंद केली तर आधी घाम धरून चिकट होते आणि मग वातड.

रोज भाकरीच हवी असंही नाही. तिथीभोजनाच्या किंवा सहलीच्या दिवशी घावन, मुगाचं धिरडं, इडली, दडपे पोहे उत्तम टिकतात. गव्हाशिवायची भाजणी एकदा करून ठेवा : ज्वारी दोन वाट्या, बाजरी एक, तांदूळ एक, हरभऱ्याची डाळ एक, उडीद डाळ अर्धी, धणे पाव वाटी, जिरे एक चमचा. सगळं वेगवेगळं भाजून गार करा आणि तुमच्याच घरघंटीत किंवा जात्यावर दळा. तिचं थालीपीठ दुपारपर्यंत मऊ राहतं. साबुदाणा अधूनमधून ठीक, पण त्यात पिष्टाशिवाय फारसं काही नाही. वाढत्या मुलीला नाचणी, बाजरी आणि कडधान्य त्याहून जास्त उपयोगी.

चुकून काही खाल्लंच तर उतारा नाही. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस द्या, एक-दोन दिवस साधं खाणं ठेवा, काय खाल्लं ते वहीत तारखेसह लिहा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर मात्र तो गव्हाच्या अ‍ॅलर्जीचा प्रकार असू शकतो, तेव्हा थेट दवाखाना गाठा.

पीठ बदलल्यापासून तीन महिने थांबा, मग डॉक्टरांना विचारून टीटीजी करा. त्याआधी करून हाती काही लागत नाही, तो हळूहळू उतरतो आणि मुलांत पूर्ण जागेवर यायला वर्षभर किंवा जास्तही लागू शकतं. वजन-उंची मात्र दर महिन्याला, एकाच काट्यावर. या तीन महिन्यांत खिचडी चालूच ठेवा आणि फक्त पीठ, फडकं, चाळणी आणि हिंग बदला. सगळं एकाच वेळी बंद केलं तर आकडा उतरेल, पण खिचडी दोषी होती की नाही हे कधीच कळणार नाही आणि मुलगी विनाकारण पंगतीतून उठेल. आकडा तरीही हलला नाही, तर पुढचे तीन महिने शाळेतही डबा द्या. तेव्हाही फरक नसेल तर डॉक्टरांना इतर कारणं शोधावी लागतील.

राहिला धाकटा. सगळ्या घराने गहू सोडायचा विचार मनात असेल तर तो आज अमलात आणू नका. सिलिअ‍ॅक घराण्यात उतरतो. सख्ख्या भावंडांना आणि आईवडिलांना तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, लक्षणं नसली तरीही. तेव्हा मुलाची आणि तुमची दोघांची टीटीजी आणि एकूण आयजीए (रक्तातलं एक प्रतिपिंड, ते कमी असेल तर टीटीजीवर विसंबता येत नाही) ही रक्ततपासणी करून घ्या, आणि ती गहू रोज खात असतानाच करा. गहू सोडून काही महिने गेले की रक्तात काही सापडत नाही, आणि मग निदानासाठी मुलाला पुन्हा कित्येक आठवडे पोळी खाऊ घालावी लागते. अहवाल हातात आले की घरातला गहू ठेवायचा की काढायचा ते ठरवा.